झुंबर आणि कळ

विमानतळाच्या नव्या टर्मिनलचा खर्च हाताबाहेर गेला, उद्घाटन तोंडावर आलं, आणि अध्यक्ष चौबळसाहेबांनी कात्री कशाला लावली? तर प्रवाशांच्या स्वच्छतागृहांना! "ती सगळीच रद्द करा. पैसाही वाचेल, महिनाही वाचेल." मुख्य दालनासाठी मागवलेल्या महागड्या परदेशी झुंबराला मात्र कुणी हात लावायचा नाही!

प्रकल्पप्रमुख हेमलता दुधगावकर संतापल्या. "साहेब, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका जाणार कुठे?"

"विमानात असतं की! तासभर कळ काढायला काय होतं लोकांना?" साहेब हसले. बैठकीतले लाचारही हसले.

टर्मिनलच्या पाहणीच्या दिवशी हेमलताबाईंनी साहेबांना आग्रहाने शहाळं पाजलं, मग उसाचा रस, वर दोनदा चहा. नंतर झुंबराखाली उभं करून त्याचा एकेक लोलक समजावून सांगायला घेतला. साहेबांची चुळबुळ सुरू झाली. कपाळावर घाम आला.

"बाई, ते राहू द्या. इथे बाथरूम कुठाय?"

बाईंनी झुंबराकडे बोट दाखवलं. "ते तुम्ही वर टांगलंय, साहेब. आता काढा तासभर कळ!"

साहेब दाराकडे पळाले आणि पळता पळताच ओरडले, "परत पाठवा ते झुंबर!"