झावळीचा क्रूस आणि पाल

पाली नुसत्या चुकचुकत नसत, चांगल्या बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट.

ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी नातालीनबायने देवळातून मिळालेल्या आशीर्वादाच्या पातीचा छोटा क्रूस वळला आणि येशूच्या तसबिरीमागे खोचला. "पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी तुला देवळात नेईन हो," असं सांगून ती घराला कुलूप लावून लेकीच्या बाळंतपणाला गेली. जुळी झाली, मुक्काम लांबला.

पाऊस सरला, नाताळही येऊन गेला. बंद घरात पात पिवळी पडली, मग करकरीत सुकली. दुकानातला न खपलेला मालसुद्धा इतका एकटा नसतो. त्याला निदान गिऱ्हाईक येऊन नावं तरी ठेवतं.

तसबिरीमागची पाल म्हणाली, "बाबा रे, म्हातारी विसरली तुला. वारा आलाय, पकड सोड. खिडकीच्या फटीतून बाहेर पडशील, गवतात सोबत मिळेल."

"ती आली आणि मी नसलो तर?"

"आणि आलीच नाही तर?"

क्रूसाने तसबिरीच्या खिळ्याला आणखी घट्ट मिठी मारली.

राखेच्या बुधवारी सकाळी कुलूप वाजलं. नातालीनबायने तो क्रूस पदरात गुंडाळून देवळात नेला. तिथे साऱ्या गावाच्या जुन्या झावळ्यांबरोबर तो जळून गेला.

दुपारी ती रिकाम्या हाताने परतली. "सांगत होते मी!" पाल हळहळली. तेवढ्यात नातालीनबाय मेणबत्ती लावायला तसबिरीपाशी आली, आणि पालीला तिच्या कपाळावर त्याच झावळ्यांच्या राखेचा क्रूस दिसला.

तेव्हापासून पाल नुसती चुकचुकते.