भिवराचा वकील

"उद्या दुपारपर्यंत वीस वर्षं मुरलेला वकील उभा कर. नाहीतर मी काडी मोडेन आणि पोरीला बापाकडून दाणाही मिळणार नाही," हिराजीराजांनी भिवराला बजावलं.

आता आली का पंचाईत? कनकापूरच्या कचेरीत एवढा मुरलेला वकील एकच, दाजीशास्त्री. आणि त्यांना भिवराच्या नवऱ्यानं, रंगोजी तेल्यानं, मेहनताना देऊन आधीच आपल्याकडे ओढलेलं. रंगोजीला दुसरा संसार थाटायचा होता. काडीमोड भिवरालाही हवाच होता, त्या माणसाला ती विटली होती. पण चार वर्षांची यमी काय वारा खाऊन वाढणार? पोरीची पोटगी टळावी म्हणून या पठ्ठ्यानं तेलाचा घाणासुद्धा भावाच्या नावावर करून टाकला होता. राजेसाहेब पडले हट्टाचे पक्के. काडीमोडाच्या खटल्यात दोन्हीकडे अनुभवी वकील हवा, ज्याच्याकडे नसेल त्याचं ऐकायचंच नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी देवासाठीही बदलला नसता.

भिवरा कचेरीत पाणी भरायची, नऊ वर्षं झाली. पाणी भरणाऱ्या बाईकडे कोण बघतो? ती मात्र एकूण एक खटला कान देऊन ऐकायची.

उरलेल्या दोन वकिलांकडे ती जाऊन आली. एक म्हणाला, "शास्त्रीबुवा माझे गुरू. त्यांच्यापुढं माझं तोंडच उघडत नाही." दुसऱ्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. घरी येताना तिला रडू कोसळलं. मग यमीसाठी भाकरी थापता थापता ती एकाएकी हसली.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत एकटीच आली.

"वकील कुठं आहे?" राजांनी विचारलं.

"आलाय की, सरकार. त्या फडताळात हाय, लाल रुमालात बांधलेला."

सगळी कचेरी खो खो हसली. तिथली रीत अशी, की वकिलाचं बोलणं कारकुनानं शब्दन् शब्द लिहायचं, खाली वकिलानं सही करायची आणि कागद रुमालात बांधून ठेवायचे.

"पाच वर्सांमागचा कासाराच्या सुनेचा खटला काढा, कारकूनदादा. फकस्त बोलणाऱ्याचं नाव आत्ता वाचू नगा."

राजांना गंमत वाटली. त्यांनी मान हलवली. असले शेकडो खटले दाजीशास्त्रींच्या कानांवरून गेलेले, कुठला कुठला लक्षात ठेवणार? ते उपरणं सावरत उठले. "सरकार, रंगोजीच्या नावावर घाणाच नाही. पोटगी देणार कुठून?"

कारकुनानं कागद वाचला, "'दुकान कुणाच्या नावावर आहे ते विचारू नका. संध्याकाळी गल्ला कुणाच्या घरात जातो ते बघा.'"

"पण बायको कष्टाळू आहे. ती पोसेल पोरीला."

"'आई कमावते म्हणून बाप मेला असं होत नाही.'"

"अहो, मुलगी ती. आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जायची."

"'जाईपर्यंत जेवेल की नाही?'"

शास्त्रीबुवांनी नकळत मान डोलावली. चांगला मुद्दा ऐकला की दाद दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"काय शास्त्रीबुवा, अनुभवी वाटतो का हा वकील?" राजांनी विचारलं.

"वीस वर्षं तर नक्की मुरलेला. माझ्या तोडीचा म्हणा ना. पण आहे कोण हा?"

कारकुनानं खालची सही वाचली. "दाजीशास्त्री."

शास्त्रीबुवांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रंगोजी तर पार गळाठला.

"आता द्या त्याला उत्तर," राजे म्हणाले.

"कसं देणार, सरकार? त्या माणसाला आजवर कुणी हरवलेलं नाही."

राजांनी काडी मोडली. मग ओठ दाबत त्यांनी भिवराला विचारलं, "बाई, असल्या वकिलाचा मेहनताना तुला परवडला कसा?"

"मला कशाला परवडाया हवा? त्यो नवऱ्यानं परवाच दिलाय."

राजे इतके हसले, की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी हुकूम सोडला: यमी सासरी जाईपर्यंत घाण्याच्या तेलाचा चौथा हिस्सा तिचा, आणि तो रंगोजीनं दर आठवड्याला स्वतः डोक्यावरून पोचवायचा. भिवराला त्यांनी पैठणी दिली, आणि काडीमोडाला येणाऱ्या बायकांच्या बाजूनं बोलायला शास्त्रीबुवांच्या शेजारी गादी घालून दिली.