महाराजांचे आजोबा विहिरीत का बसले?

सांगतो, पण हात धरून बसवलंत म्हणून. ताट वाढून ठेवलंय माझं तिकडे. मधेच कुणी ‘मग?’ म्हणालं, तर सरळ उठून जाईन.

एका राज्यात विक्रांतसेन नावाचा राजा होता. त्याचा एकुलता एक पुत्र सुमेध. त्याला धूम्रकेश नावाच्या दोनशे वर्षांच्या मांत्रिकाने भारद्वाज पक्षी करून टाकले. कारण एवढेच, की मांत्रिकाने जाडजूड ग्रंथ लिहिला होता आणि तो कुणी वाचला नव्हता.

मांत्रिक म्हणाला, “राजा, ज्याने जन्मात पुस्तक उघडलं नाही, अशा माणसाने हा ग्रंथ आपखुशीने शेवटपर्यंत वाचला, की पोरगा पुन्हा माणूस होईल. हुकूम नको, लालूच नको. नाव तीनदा बदलून बघ. नाव खोटं असेल, तर पानं कोरी होतील. आश्विन सरेपर्यंत जमलं नाही, तर पोराची मनुष्यवाणी जाईल.”

ग्रंथ चावडीवर ठेवला. प्रधानाने पहिले नाव दिले, ‘श्रीमत्सकलभूपालचरित्रमहार्णव’. लोक आले, हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले, नमस्कार करून गेले. उघडला कुणीच नाही.

दुसरे नाव दिले, ‘सोन्याचा हंडा कुठे पुरला आहे’. गर्दी लोटली. पाने पांढरीफटक! नाव खोडले, तेव्हा अक्षरे परतली.

आश्विनाचे आठ दिवस उरले. भारद्वाज म्हणाला, “बाबा, आत काय आहे ते तुम्ही वाचलंत?”

राजा खाली बघू लागला. मग पक्ष्यानेच चोचीने पाने उलटली. एके ठिकाणी थांबला, हसला, आणि तिसरे नाव सांगितले.

“घराण्याचं नाक कापतोस काय रे!” राजा ओरडला.

“नाक राहील, बाबा. लेक उडून जाईल.”

राजाने डोळे मिटले आणि मान डोलावली. चावडीवर नाव झळकले, ‘महाराजांचे आजोबा तीन दिवस विहिरीत का बसले?’

तिथून गुणाजी चालला होता. विहिरी खणणारा माणूस. अक्षर ओळखीपुरते, पुस्तकाशी वैर. तो थबकला.

“प्रधानजी, पाणी होतं का हो विहिरीत?”

“मला काय ठाऊक?”

“किती पुरुष खोल होती?”

“अरे, मी खणली का ती?”

“मग बघायलाच पायजे,” म्हणत गुणाजीने बैठक मारली. बोट ठेवून, ओठ हलवत, सात दिवस वाचले. आजोबा पहिल्याच प्रकरणात विहिरीत उतरले. तिथेच का बसून राहिले, ते शेवटच्या पानावर. वर काठावर बसून मांत्रिक त्यांना हाच ग्रंथ वाचून दाखवत होता, म्हणून!

गुणाजी पोट धरून हसला. पिसे गळाली, सुमेध उभा राहिला. राजाने त्याला कवटाळले. धुरातून धूम्रकेश धावत आला. राजपुत्राकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

“वाचलंस! कसं वाटलं?”

“मधे फार लांबलंय.”

मांत्रिकाच्या भुवया चढल्या. राजाने लगेच हात जोडले, “आमच्या आजोबांचं चुकलं. त्यांनी निदान वर बसून ऐकायला हवं होतं.”

मांत्रिक विरघळला. त्यानेही राजपुत्राची माफी मागितली. खोट्या हंड्याबद्दल प्रधानाने गावाची मागितली. राज्य सुखी झाले, ज्याची माफी त्याला पोचली.

माझी तेवढी यायची राहिलीये. हीच गोष्ट ऐकताना भर मंडळीत घोरला होता तो यशवंत तांबट.