बाधत नसल्याचा दाखला

कच्चं दूध विकायला संस्थानात बंदी आली, तेव्हा सर्जेराव इनामदारांनी दूध तपासनीस यमुनाबाईंना दरडावलं, "माझं धारोष्ण दूध बाधत नाही, असं शिक्क्यानिशी लिहून द्या!"

"देते की. आधी पाजून बघू." बाईंनी त्यांच्याच गोठ्यातली भरली चरवी उचलली आणि भर दुपारी त्यांना ओढ्याकाठी नेलं. गेल्या महिन्यात हगवणीनं गेलेली गावची सात लेकरं तिथं पुरली होती. झाडाचं पानही हलत नव्हतं. बाईंनी एकेका इवल्या ढिगाऱ्यावर दूध ओतलं. मातीनं ते घटाघटा पिऊन टाकलं.

इनामदार दोन पावलं मागं सरले. "हे काय, बाई?"

बाईंनी शिक्का काढला. "यांना आता तुमचं दूध बाधणार नाही, सरकार. तेवढं लिहून देते. नावं तुम्ही सांगा."