तिसरं बटण

सांगलीत एका संगणक कंपनीच्या दुकानाचं उद्घाटन होतं. फीत कापायला आलेल्या मोठ्या साहेबांना आपली पिळदार मिशी आणि कंपनीचं औदार्य, दोन्हींचा भारी अभिमान.

यमुनाताई शिरगुप्पे तावातावाने पुढे झाल्या. "लेकीच्या लग्नाची पत्रिका टाईप करत होते. मध्येच तुमचं अपडेट सुरू झालं नि सगळी पुसली गेली!"

साहेबांनी मिशीला पीळ दिला. "बाई, आम्ही ग्राहकाला पूर्ण स्वातंत्र्य देतो. अपडेट 'आता' की 'नंतर', दोन बटणं असतात. निवडायचं तुम्ही."

ताईंनी तबकातली कात्री उचलली. "मग साहेब, मिशी आता कापू की नंतर?"

साहेबांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली. "अहो, नको!"

"ते बटण तुम्ही ठेवलंच नाही. 'नंतर' म्हणा, संध्याकाळी पुन्हा विचारते."