वाक्य कुणाचं?

"बाई, हे वाक्य माझं आहे की नाही?"

शार्दूलचा आवाज चढला होता. पोरगा हुशार होता, आणि दुर्दैवाने हे त्याला ठाऊक होतं.

सभागृहाशेजारच्या खोलीत इंदुमतीबाई खांबेट्यांनी कराराचा मसुदा मिटून ठेवला. हवामान आणि ऊर्जा यांच्या धोरणांचा अभ्यास करणारी त्यांची छोटीशी संस्था. शार्दूल तिथला त्यांचा लाडका शिष्य.

डोंगरातला एक देश आणि सपाटीवरचा एक, यांच्यात आज वीजकरार होणार होता. पावसाळ्यात डोंगरातल्या नद्यांची वीज खाली येणार, हिवाळ्यात खालच्या उन्हाची वीज वर जाणार. तेवढा कोळसा जळायचा वाचणार. ही कल्पना शार्दूलची. दोन्हीकडच्या इंजिनिअरांना एका टेबलाशी बसवून आकडे जुळवून घेतले ते बाईंनी.

करारात शार्दूलचं वाक्य जसंच्या तसं होतं, संस्थेचं मात्र नावसुद्धा नव्हतं.

"मी आत्ता बाहेर जाऊन पत्रकारांना सांगतो."

"सह्या व्हायच्यात अजून."

"मग काय झालं?"

"तिसऱ्याने सुचवलंय म्हटलं, की दोन्हीकडचे मंत्री उठून जातील."

"जाऊ देत! खरं ते खरं."

शार्दूलने दाराच्या मुठीला हात घातला. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि स्वतःच दार किलकिलं केलं.

बाहेर दोन मंत्री हमरीतुमरीवर आले होते. धूर कुणाचा, यावरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे हेच ते दोघं.

"ही कल्पना आमची," डोंगरातला म्हणत होता.

"तुमची कशी? पहिल्यापासून आमचीच!"

आणि दोघंही शार्दूलचं वाक्य शब्दन् शब्द घोकल्यासारखं म्हणून दाखवत होते.

शार्दूलच्या अंगावर काटा आला. एवढं मोठं काही आपल्या हातून झालंय, हे त्याला खरंच वाटेना. डोळे भरून आले. मुठीवरचा हात आपोआप खाली आला.

दोघं तसेच भांडत सभागृहात गेले. थोड्या वेळाने टाळ्या ऐकू आल्या.

सह्या झाल्या.

"बाई... आता तरी सांगू?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

शार्दूल डोळे पुसत हसला. "तुम्ही म्हणजे ना... आनंदावर विरजण घालता."

"घालते ना," बाई म्हणाल्या. "दही लागल्यावर ते वेगळं काढून दाखव."