आरशातला नंबर

जिल्ह्याच्या आरटीओत धोत्रे साहेबांच्या पँटची इस्त्री मोडलेली कुणी पाहिली नव्हती. गाडी तपासायची ती उभ्यानं, हा त्यांचा बाणा. त्यांच्यासमोर अंबूताई जगदाळ्यांनी सासऱ्यांची जुनी मोटार नोंदणीला आणली. वर्षानुवर्षं तिच्यात कोंबड्या बसायच्या. ताईंनी ती खपून दुरुस्त केली होती.

"चॅसी नंबर कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"खाली, पुढच्या चाकामागं. रंगाच्या थरांत दडला होता, खरवडून काढलाय. जरा वाकून बघा."

"उभ्यानं दिसत नाही तो नंबर मी मानत नाही. गाडी भंगारात घाला."

साहेबांची कीर्ती ऐकूनच ताई आल्या होत्या. त्यांनी गाडीतून भलामोठा आरसा काढला आणि तिरका करून खाली सरकवला. आकडे लख्ख दिसले. साहेबांनी ते कागदाशी ताडून पाहिले.

"आकडे उलटे आहेत. जुळत नाहीत. नामंजूर!"

ताईंनी आरसा उचलला, पदरानं पुसला आणि साहेबांच्या छातीसमोर धरला. तिथल्या पितळी पट्टीवरचं नाव आरशात उलटं उमटलं.

"अगंबाई, तुमचंही नाव दारावरच्या पाटीशी जुळत नाही की! मग अर्ज खऱ्या धोत्रे साहेबांनाच देते. ते कुठं बसतात?"

रांगेत हशा पिकला.

"खरे धोत्रे इथंच असतात," साहेब पुटपुटले आणि गाडीशेजारी गुडघे टेकून बसले.

उठले तेव्हा इस्त्रीला माती लागली होती आणि अर्जावर सही झाली होती.